गोंगाटाची पहिली तबकडी



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की वक्त्याने किल्ल्यावर चढावे, अशी आपल्याकडची रीत आहे. शहापुरात तर ते फारच सोपे. मंडपाबाहेर येऊन मान वर केली की माहुली समोर उभाच असतो. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीचा अखेरचा डाव त्याच गडावर मांडला होता, एवढे एक वाक्य उच्चारले तरी पुढचा तास आपोआप निघून जातो. मी आज ती वाट सोडली आहे. मुंबईतल्या काही तरुणांनी विजेवर चालणाऱ्या गिटारी हाती घेऊन गोंगाट केला आणि त्या गोंगाटाची स्वतःची अशी पहिली ध्वनिमुद्रिका काढण्यापर्यंत ते पोचले, त्याची ही हकीकत आहे. हा विषय कळविला तेव्हा व्यवस्थापकांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "हा इतिहास म्हणावयाचा काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देण्याऐवजी आरंभीच देऊन टाकतो.

मुंबईचे आणि आपले नाते मुख्यतः पाण्याचे आहे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबई पीत आली. पुढे भातसाही त्यात आली. पाणी इकडून तिकडे जाते, आणि त्याच्या मोबदल्यात तिकडून इकडे काय येते म्हणाल, तर आवाज येतो. सिनेमाची गाणी आली, रेडिओ आला, मग कॅसेटी आल्या. आगगाडीच्या वाटेवर नसलेल्या मुरबाडलाही म्हशाच्या जत्रेत बैलांच्या बाजाराशेजारी कर्णे लागले आणि त्यांतून मुंबई बोलू लागली. आज आपल्या गावात हळदीच्या रात्री जो दणका उठतो, ज्याने घरातली भांडी मांडणीवर थरथरतात, त्याच्या घडणीत मुंबईच्या त्या गिटारींचा वाटा आहे. ज्या आवाजाने आपली झोप मोडते त्याचे कूळ विचारण्याचा हक्क आपल्याला निश्चित आहे.

प्रथम हे वाद्य म्हणजे काय ते पाहू. लाकडी पोटाची साधी गिटार हे तसे लाजाळू वाद्य. खोलीतल्या पाचपंचवीस माणसांना ते ऐकू जाते. समोर पडघम आणि पितळी कर्णे वाजू लागले की ते बुडालेच. १९३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत यावर तोड निघाली. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसविले. तार थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, तो ध्वनिवर्धकात नेऊन वाढविता येतो, आणि मग बोटभर आवाज हातभर होतो. येथपर्यंत सर्व ठीक चालले होते. पुढे मौज अशी झाली की वर्धकाच्या ताकदीपेक्षा अधिक आवाज त्याच्याकडून काढू पाहिला असता तो फाटू लागला. इंजिनिअरांच्या दृष्टीने हा बिघाड होता. वाजविणाऱ्यांना मात्र हा फाटका, खरबरीत, गुरगुरणारा आवाजच आवडला आणि ते मुद्दाम बिघाड करू लागले.

हे ऐकून आपल्यापैकी जे शास्त्रीय संगीताचे शौकीन आहेत त्यांनी एकदम नाक मुरडू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण तरी काय करतो? तारेला घोडीच्या पृष्ठभागाशी घासावयास लावतो आणि त्या घासण्यातून जो झणत्कार उठतो त्याला जवारी म्हणतो. शुद्ध, स्वच्छ तार आपल्याला फिकी वाटते. तेव्हा आवाजात थोडा विकार घालून त्याला गुण मानणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. प्रमाणाचा प्रश्न आहे, हे मी कबूल करतो.

या वाद्याची एक अट अशी की त्याला वीज लागते. विजेवाचून ही गिटार म्हणजे तारा लावलेली फळी. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांत तारा पोचावयास पुढे कितीतरी वर्षे गेली. त्यामुळे या गोंगाटाचा जन्म मुंबईत व्हावा आणि आपल्याकडे तो उशिरा पोचावा, हे क्रमप्राप्तच होते.

आता मुंबईत जाऊ. धोबीतलावच्या आसपासची वस्ती डोळ्यांपुढे आणा. १८६५ पासून चालत आलेले फुर्ताडो यांचे वाद्यांचे दुकान तिकडे; गोव्याहून आलेल्या वादकांची बिऱ्हाडे आसपास; महाविद्यालये हाकेच्या अंतरावर. हिंदी चित्रपटांच्या संगीतात जी व्हायोलिने, कर्णे आणि गिटारी वाजत ती बहुतांशी याच मंडळींच्या हातची. सूर लिहून वाचणारे, कसबी लोक. परंतु त्यांचे नाव तबकडीवर नसे. १९६५ च्या 'गुमनाम' चित्रपटात टेड लायन्स यांचा मुंबईतला बँड पडद्यावर दिसतो; गिटारी हलतात, नर्तक मुखवटे घालून नाचतात, आणि गळा असतो महंमद रफींचा. देशभरच्या लोकांनी गिटारवाला बँड पाहिला तो असा. लोकांच्या तोंडी गाणे राहिले, बँडचे नाव कितीजणांच्या राहिले असेल?

त्याच सुमारास इंग्लंडातून बीटल्सची लाट आली. त्यांच्या पहिल्या मोठ्या तबकडीची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे, कारण ती तुलनेला उपयोगी पडते. तिच्यातील चौदा गाण्यांपैकी दहा त्यांनी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी लंडनच्या स्टुडिओत मुद्रित केली आणि २२ मार्चला तबकडी बाजारात आली. एका दिवसात दहा गाणी! परंतु त्या दिवसामागे हँबुर्गच्या दारूगुत्त्यांतल्या शेकडो रात्री होत्या. तेथे ही पोरे तासन्‌तास उभी राहून दुसऱ्यांची गाणी वाजवीत होती. चौदांपैकी आठ गाणी त्यांची स्वतःची, सहा परक्यांची. तबकडीतच त्यांचा सारा प्रवास दिसतो.

मुंबईच्या पोरांनी हे ऐकले आणि कॉलेजांतून बँड निघू लागले. अडचणी मात्र लंडनच्या पोरांना ठाऊक नसलेल्या. परदेशी माल परवान्यावाचून आणता येत नव्हता, आणि पोराच्या गिटारीसाठी परवाना कोण देणार? बोटीवरच्या खलाशाकडून, परदेशी गेलेल्या मामाकडून, नाहीतर निघून जाणाऱ्या एखाद्या साहेबाच्या सामानातून वाद्य मिळावयाचे. वर्धक एखाद्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जुळवून घ्यावयाचे. तार तुटली की दुसरी येईपर्यंत पाचच तारांवर भागवावयाचे. आकाशवाणीचे वातावरणही या लोकांना धार्जिणे नव्हते. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपल्यातलेच गृहस्थ. त्यांना चित्रपटसंगीतसुद्धा नभोवाणीवर सोसवेना. मग गिटारींची काय कथा! लोकांनी आपला रेडिओ सिलोनकडे फिरविला, तसा या पोरांनीही फिरविला आणि पाश्चात्त्य गाणी कानाने उचलली. कागदावर सूर मिळण्याची सोय नव्हती, म्हणून रात्री ऐकलेले सकाळी आठवून बसवावयाचे. गुरूवाचून शिकलेली ही पहिली पिढी. तिच्या वाजविण्यात धिटाई होती, आणि अज्ञानही होते.

तबकडीचे काय? गिटारीला तबकडी मिळाली नव्हती असे नाही. व्हॅन शिपले यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीते वाजविलेल्या तबकड्या घरोघर गेल्या. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारीवर राग वाजविले, ती 'कॉल ऑफ द व्हॅली' नावाची तबकडी तर आजही आदराने ऐकली जाते. म्हणजे सौम्य गिटारीला दार उघडे होते. गोंगाट करणाऱ्या बँडला ते किलकिलेच राहिले. याचे कारण कंपन्यांचा दुष्टपणा होता असे मला वाटत नाही. हिशेब साधा होता. चित्रपटाच्या गाण्याची जाहिरात चित्रपट स्वतःच करीत असे. इंग्रजी गाणारा देशी बँड विकत घेणार कोण? ज्याला ते संगीत आवडे तो मूळ परदेशी तबकडीच शोधी.

दार किंचित उघडले ते एका सिगारेट कंपनीने. इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरच्या बँडांच्या स्पर्धा भरविल्या आणि १९७० व १९७१ या दोन वर्षांच्या निवडक गाण्यांच्या तबकड्या काढल्या. एकेका बँडच्या वाट्याला एखाददुसरे गाणे. आज सिगारेटच्या पाकिटावर रोगाची चित्रे असतात आणि तंबाखूच्या पैशाने असा जलसा करण्यास कायद्याने मज्जाव आहे. परंतु हिंदुस्थानातील त्या पिढीचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो तो बऱ्याच अंशी त्या धुरामुळेच. इतिहासाची साधने कोठून येतील याचा नेम नसतो. आपले कित्येक ताम्रपट मोडीच्या दुकानांत सापडले आहेत.

मुंबईत ज्यांच्या गोंगाटाची ख्याती होती त्यांत ॲटॉमिक फॉरेस्ट हा एक बँड होता. त्यांची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी निघाली तेव्हा १९७७ साल उजाडले होते. ज्या धडाडीसाठी लोक त्यांना ऐकावयास जात ती ओसरली होती आणि नाचाच्या संगीताचे दिवस आले होते. कीर्ती झाली एका आवाजाची आणि तबकडी निघाली दुसऱ्याच आवाजाची. पुढे तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर अमेरिकेतल्या एका कंपनीने ती तबकडी शोधून पुन्हा काढली. आपल्या अडगळीतली वस्तू परक्याने पुसून दाखवावी, हे आपल्याकडे अजिंठ्यापासून चालू आहे.

आता ज्यांच्यासाठी हा विषय घेतला त्यांच्याकडे येतो. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. माणसे आली, गेली, बदलली. परंतु जी नावे पुढे प्रसिद्ध झाली ती वाचली तरी मुंबई शहर कळते. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारीवर, मार्क सेल्विन खर्जाच्या गिटारीवर, झुबिन बलापोरिया पेटीच्या पट्ट्यांवर, म्हणजे विजेच्या कीबोर्डवर, आणि गावयास उदय बेनेगल. घरी कोण कोणती भाषा बोलत असेल ते असो. बँडची भाषा इंग्रजी होती.

आरंभी त्यांनीही इतरांप्रमाणे परक्यांची गाणी वाजविली. तो काळ तसाच होता. कॉलेजच्या जलशात अमुक परदेशी बँडचे अमुक गाणे हुबेहूब वाजविणारा तो श्रेष्ठ, अशी परीक्षा असे. श्रोते मूळ तबकडी कानात घेऊन येत आणि कोठे सूर चुकतो ते पाहत. अशा श्रोत्यांपुढे "हे आमचे स्वतःचे गाणे" असे म्हणण्यास मोठी छाती लागते. आपल्या भजनी मंडळातल्या एखाद्याने तुकोबांचा अभंग बाजूला ठेवून "हा माझा अभंग ऐका" म्हणावे, तेव्हा मंडळी एकमेकांकडे ज्या नजरेने पाहतील, ती नजर डोळ्यांपुढे आणा. लोक चहा प्यावयास उठतात ते अशाच वेळी.

या मुलांनी ते धाडस केले, आणि एकदा केले ते सोडले नाही. त्यांना दोन गोष्टींचा आधार झाला. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली अशा मैफली जमू लागल्या. तेथेच १९८६ पासून ऑगस्टच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा मेळा भरू लागला. एकाच ठिकाणी दरवर्षी तेच श्रोते येऊ लागले की त्यांना बँडची स्वतःची गाणी पाठ होऊ लागतात. ओळखीचे झालेले गाणे परके राहत नाही. दुसरी गोष्ट कॅसेटची. तबकडी छापावयास कारखाना लागे, कॅसेट थोडक्या भांडवलावर निघे. ऐंशीनंतरच्या दशकात कॅसेटने जुन्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. धाडसाची किंमत उतरली, असे म्हटले तरी चालेल.

१९८८ साली सीबीएस कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली: 'रॉक अँड रोल रेनेगेड'. रेनेगेड म्हणजे आपला कळप सोडून गेलेला. गाणी त्यांची स्वतःची. चार वर्षांचा प्रवास. बीटल्सच्या म्होरक्याने शाळकरी वयात बँड काढला १९५७ च्या सुमारास आणि तबकडी आली १९६३ मध्ये, तेव्हा चार वर्षे फार झाली असे नाही. परंतु मुंबईत कॉलेजचे बँड निघू लागल्यापासून मोजले तर वीसबावीस वर्षे भरतात. मुद्दा गुणवत्तेचा नव्हता. वाद्य, वीज, जागा, श्रोता आणि कंपनी या पाच गोष्टी एका ठिकाणी येण्यास तेवढा काळ लागला.

ती ध्वनिमुद्रिका थोर आहे काय? मला प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, तिच्यावर परदेशी वळणाची छाया दाट आहे. काही ठिकाणी गाणारा मुंबईचा आहे हे विसरावयास होते. परंतु पहिल्या मराठी कादंबऱ्यांवर तरी इंग्रजीची छाया कोठे कमी होती? गाणे स्वतःचे झाले, पण नाव मात्र कोठल्याही देशातल्या बँडला शोभावे असेच राहिले. ही उणीव त्यांनाही जाणवली असावी. १९९० मध्ये दुसरी ध्वनिमुद्रिका काढल्यावर १९९३ साली त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड, म्हणजे सिंधूचा पंथ, असे घेतले. १९९७ मध्ये बँड मोडला, २०१० मध्ये पुन्हा जुळला, आणि २०१२ मध्ये त्यांची 'इव्हॉल्व्ह' ही ध्वनिमुद्रिका आली.

रंगभवनाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. आसपास रुग्णालये, शाळा-महाविद्यालये. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले आणि काही वर्षांतच तेथला गोंगाट थांबला. ज्यांचे तारुण्य तेथे गेले ते आजही हळहळतात. मला दोन्ही बाजू समजतात. आजाऱ्याच्या उशाशी गिटार वाजू नये, हे कोणीही मान्य करील. पण एका शहराने आपल्या पोरांना ओरडावयास एक अंगण दिले होते, ते काढून घेतल्यावर दुसरे दिले नाही, ही गोष्टही खरी.

येथे मी आपल्या गावाकडे परततो, कारण माझ्या मनात खरी रुखरुख आहे ती येथली. आपल्याकडे विजेची तार छेडणारे वाद्य आहे. त्याला आपण बेंजो म्हणतो. नाव अमेरिकन, वाद्य जपानी. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या गृहस्थाने तारांच्या पेटीवर टंकयंत्रासारख्या कळा बसवून ते बनविले. जहाजांबरोबर ते हिंदुस्थानात आले, बुलबुलतरंग झाले. बलुचिस्तानात ते बेंजू म्हणून मान पावले, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचले. मुंबईच्या चाळींत आणि कोकण-ठाण्याच्या गावांत आपल्या कारागिरांनी त्याखाली चुंबक आणि वेटोळे बसविले, भोंग्याला जोडले, आणि ते टेंपोवर चढविले. पाहा, अमेरिकेत गिटारीचे जे झाले तेच येथे बेंजोचे झाले: तीच पोलादी तार, तोच चुंबक, तोच फाटणारा आवाज. हाही गोंगाट करणारा तारांचा बँडच आहे, आणि त्याचे श्रोते रंगभवनाच्या कितीतरी पट आहेत.

पण त्याची पहिली ध्वनिमुद्रिका कोठे आहे? कोळीगीतांच्या कॅसेटी निघाल्या, वेसावकरांचे नाव घरोघर गेले, ते योग्यच झाले. वेष्टनावर गाणाऱ्याचे नाव आले. बेंजोवाला मागेच राहिला. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बेंजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, त्यात रितेश देशमुख बेंजो वाजवितात. म्हणजे बेंजोवाल्यावर चित्रपट निघाला. खऱ्या बेंजो पार्टीने स्वतःच्या चालींची मुद्रिका काढल्याचे आपल्या दोन तालुक्यांत माझ्या ऐकिवात नाही. याचे कारणही हिशेबाचेच. मुंबईच्या कॉलेजातला मुलगा चार वर्षे कमाईवाचून गाणी रचीत बसू शकतो. येथला वाजविणारा लग्नसराईत चार पैसे गाठीला बांधतो, मृग लागला की आवणीला चिखलात उतरतो, आणि गणपतीत पुन्हा टेंपोवर चढतो. त्याला बोलावणारा मनुष्य पैसे देतो ते ठरलेल्या गाण्यांचे. "आता माझी चाल ऐका" म्हणण्यास त्याला सवड कधी, आणि ऐकणारा कोण?

दोन वर्षांपूर्वी मुरबाडजवळच्या एका गावी हळदीला गेलो होतो. संध्याकाळ होती, जनित्र अजून सुरू झाले नव्हते. टेंपोवर बसलेला चाळिशीचा बेंजोवाला तारा जुळवीत होता. जुळवून झाल्यावर त्याने एक लहानशी चाल वाजविली. विजेवाचून ती जेमतेम ऐकू येत होती. चाल साधी, पण वळण असे की मी जवळ गेलो. आसपासची पोरे ती आधीच गुणगुणत होती; त्यांच्या लेखी ती या पार्टीची खूण होती. मी विचारले, "हे कोणत्या सिनेमातले?"

तो हसला. "हे गाणं नाय सर. तारा बरोबर हायेत का ते बघायला वाजवतो मी. पंधरा-वीस वर्सं झाली."

"नाव काय याचे?"

"नाव कशाला? चेकिंगचं हाय ते."

एवढ्यात जनित्र धडधडले, दिवे लागले, आणि नवरदेवाच्या मामांनी टेंपोपाशी येऊन एका चित्रपटातल्या गाण्याचे नाव सांगितले. त्याने मान डोलाविली आणि ते वाजवावयास सुरुवात केली.